शेरा

बर्डीवर, हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर
कूलरमधलं पाणी संपत आलंय,
वाळ्याला जळका वास सुटलाय.
टेबलावर हिरवी मखमल, दहापटीची लुप,
आणि अकरा ग्रॅम सहासष्टचा एक राजा.

एकोणचाळीसचा रुपया.
मी आधी नऊकडे बघतो, नेहमीच.
अडतीसच्या आठाचं पोट कापून नऊ करणारे
इतवारीत दोघं होते;
एक वारला, एक सुधारला, असं म्हणतात.
हा नऊ जन्मापासून नऊ आहे.
कडेचे दाते सरळ, वजन बरोबर,
टिचकीचा आवाज लांब, पातळ,
शेवटी किंचित वर जाणारा.

मग दिवा तिरपा केला
आणि राजाच्या गालावर उगवले
केसाएवढे ओरखडे,
सगळे एकाच दिशेचे,
अंगठा दाबून हात फिरतो तसे.

समोर पंचफुलाबाई निखारे, पाचपावलीच्या.
मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली,
आणि नातवाने चिठ्ठीवर लिहून दिलेला आकडा:
दोन लाख दहा हजार.

घासलाय का कधी?

"कधी म्हंजे? दर दिवाळीले.
आधी चिंचेनं, मंग राखुंडीनं.
बाबा एम्प्रेस मिलमंदी होते,
त्याईच्या पगारातला हाय थो.
लक्षुमीपुढं काळा कसा ठेवाचा?"

आता यांना कसं सांगू,
की काळ्याचेच तर पैसे.
पेटीत पडून पडून आधी पिवळट,
मग तपकिरी, कडेला जांभळा होत गेलेला काळा,
त्याच्यासाठी माणसं सुरतेहून येतात.
झीजही चालते आम्हाला.
बाजारात फिरून कान गेला, भुवई गेली,
तरी अशा राजाला एक पायरी असते,
पायरीला नाव, नावाला भाव.
घासलेल्याला पायरी नाही.
नुसता शेरा.

सांगितलं.
निम्म्याच्याही खाली जाईल म्हटलं.

"काऊन? सोच्छ ठेवला तं भाव उतरते?"
हो.
"आन् मळका ठेवला असता तं?"
चढला असता.

बाई हसल्या.
शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी माणसाला म्हणाल्या,
"आयका. घरातले बाकीचे भांडे कोण घासे,
थेही इचारा यायले."

लॉट एकशे पंधरा: कोरा.
बँकेच्या थैलीतून थेट तिजोरीत,
तिजोरीतून प्लॅस्टिकच्या डबीत.
आयुष्यात एक पान विकत घेतलं नाही त्याने.
तीन लाख चाळीस.
टाळ्या पडल्या.

लॉट एकशे सोळा.
चाळीसपासून. बेचाळीस. पंचेचाळीस.
रायपूरचा कोणी फोन कानाला लावून
दुसऱ्याच्या वतीने मान हलवतो.
पन्नास. बावन्न.
मधेच कूलर बंद पडतो, सगळे वर बघतात,
तेवढ्यात एकसष्ट.
एकवार, दोनवार.
हातोडी.

ओरखडे मोजले होते मी सकाळी.
एकतीसपर्यंत गेलो, मग उजेड घसरला.
बाई म्हणाल्या होत्या, दोन दिवाळ्या झाल्या नाहीत,
एकदा सुतक, एकदा मिलीचं टाळं.
त्या दोन कुठे असतील गालावर,
लुपमधून दिसत नाही.
न घासल्याची खूण
आमच्या तक्त्यात नाही.

पैशाच्या पावतीवर सही करून त्या म्हणाल्या,
"एकडाव पाहू द्या."
मी डबी उघडून दिली.
त्यांनी रुपया तळहातावर घेतला,
आणि विचार न करता पदराचं टोक चिमटीत धरून
राजाच्या तोंडावरून फिरवलं.
डावीकडून उजवीकडे.

अशा वेळी हात धरायचा असतो, नियम आहे.
रायपूरवाला फोनवर होता, पाठमोरा.
मी मखमलीवरच्या सुरकुत्या काढत बसलो.

एक ओरखडा वाढला असेल.
शेऱ्यात तो धरलेलाच आहे.