शिवणाच्या बाई

सॉफ्टबॉलची ज्युनिअर टीम माझ्या गळ्यात पडली,
कारण पी.टी.चे सर उज्जैनला गेले
आणि शिवणाचा तास तसाही कुणाला नको होता.
रामबागेतली आमची शाळा म्हणजे एक चिंच, एक हातपंप,
आठवीपर्यंत मिळून एकसष्ट डोकी.

नियमांचं पुस्तक हिंदीत.
रात्री शब्द भिजत घातले, सकाळी निम्मे कच्चेच.

आल्या आठ मुली. ग्लोव्ह पाच,
त्यातला एकही डावखुऱ्या मृण्मयीला होईना.
बेस केले सिमेंटच्या पोत्यांचे, आत भुसा;
कडा मी दुहेरी टाक्यानं शिवल्या,
तेवढं मला येतं.
होमप्लेट फुटक्या फळ्याची,
तिच्यावर अजून कुणाचा तरी अर्धा भागाकार.

नववी काही मिळेना.
केळकरीणबाई म्हणाल्या, उन्हात पोरगी काळवंडेल.

चेंडू रोज भिंतीपलीकडे जायचा,
रोज परत यायचा,
सरळ, छातीच्या उंचीवर.
चौथ्या दिवशी मला सुचलं विचारायचं, कोण फेकतं गं?
कचोरीच्या गाडीमागे फुलकुंवर,
पीठ लागलेले हात फ्रॉकला पुसत.
माझ्याच हजेरीतली. सातवी.
मधल्या सुट्टीनंतर वर्षभर माझीच लाल फुली.

चिमणबागेत एकोणीस-दोन हरलो.
दोन धावा कुणाच्या, यावर टेम्पोत भांडण.

संध्याकाळी चेंडूची शिवण उसवलेली.
मेण लावून दोरा ओवला.
फुलकुंवर शेजारी बसून टाके मोजत होती,
मध्येच म्हणाली,
"बाई, बुधवारी कचोऱ्या लवकर खपवते."

मी दातांनी दोरा तोडला.