व्हय म्हाराजा

तातूंच्या देवाला देऊळ नव्हतं.
गावाच्या वेशीवर एक वड, खाली जांभ्याचा चिरा.
रात्री काठी टेकत तो सगळ्या वाडीला फेरी मारतो
आणि वर्षाला वहाणांचा एक जोड झिजवतो, म्हणे.

इथे, सोलापुरात, विडी घरकुलात
मागचं दार उघडलं की काळी माती, बाभळ,
बाराही महिने तापलेला पत्रा.
वेस कुठली?
तातूंनी बोअरच्या पाइपालाच वेस मानलं.
देवदिवाळीला तिथे नारळ ठेवायचे
मंडईतला, पाणी आटलेला,
शेंडी पश्चिमेला, समुद्राच्या अंदाजानं.

"घाट कसा चढणार तो?"
"वेंगुर्ला गाडीनं. शेवटच्या शिटावर.
त्येका तिकीट कोण मागतलो?"
डेपोत गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्याला
हे ठाऊक असणारच.

मग गाऱ्हाणं.
बा देवा म्हाराजा,
ह्या तुझा लेकरू पोटासाठी परमुलखात ऱ्हवता...

गाऱ्हाण्याला उत्तर द्यायला अख्खी वाडी लागते.
आमची वाडी म्हणजे मी, सात वर्षांची,
आणि त्या साली नेमकी मला गालफुगी.
आई अक्कलकोटची, तिला मालवणीची लाज वाटायची.
तातू थांबले.
पुन्हा म्हणाले, पुन्हा थांबले.

भिंतीपलीकडून,
मांडीवर सूप, बोटांत दोरा,
हजारातली कितवीतरी विडी वळता वळता
नरसूबाई चिप्पा तेलुगू हेल काढून म्हणाली,
व्हय म्हाराजा.

तातूंनी वळूनही पाहिलं नाही.
पुढचं मागणं मागितलं.
अर्धी कवड भिंतीवरून पलीकडे गेली.
आषाढात ती डोक्यावर बोनम घेऊन
पोचम्मेला निघाली, तेव्हा
मागून लिंबाचा डहाळा धरून तातू,
त्या भाषेचं अक्षर कळत नसताना,
खाकी पँटीत, अनवाणी.

यंदा तातू नाहीत.
बोअर कधीच आटली, पाइप गंजला.
नारळ ठेवला. शेंडी पश्चिमेला.
गाऱ्हाणं सुरू केलं
आणि परमुलखात ह्या शब्दाशी अडकले.
मी तर इथलीच.
कुणाच्या मुलखातून
कुणाला हाक मारत होते मी?

नरसूबाईला आता ऐकू येत नाही.
भिंतीवर हनुवटी टेकून ती माझे ओठ बघत होती.
ते थांबलेले दिसले तशी
व्हय म्हाराजा, म्हणाली मोठ्यानं,
आणि खोबऱ्यासाठी हात पुढे केला.