रकाना सातवा

फॉर्म आम्हीच बनवला, चौघांनी,
लाखनीत झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या.
नाव, गाव, घरात माणसं किती.
विहिरीला जाळी आहे का.
उंदराचं औषध ठेवता का, कुठे.
ऑपरेशन झालेलंच पिलू मिळेल, मंजूर?
लोक हसतात.
"मांजर देऊन राह्यले का पोरगी, जी?"
मी म्हणतो, पोरगी देताना
विहिरीची जाळी कधी पाहिली होती तुम्ही?
मग थोडा वेळ कोणी हसत नाही.

कनकी राइस मिलच्या कोंड्यात सापडली.
तुटक्या तांदळाच्या रंगाची, म्हणून कनकी.
एका डोळ्यात पांढरं, शेपटीला गाठ.
दोन महिने गुरांच्या दवाखान्यात,
सलाइनच्या खोक्यात, माझ्या टेबलाखाली.
मिलवाले म्हणाले, आम्हालाच द्या,
खाऊ नका घालू, उपाशी ठेवली तर उंदरं धरते.
त्यांचा फॉर्म मी
दुसऱ्या रकान्यापुढे नेलाच नाही.

मग आंधळगावचे ईस्तारी निमजे आले,
कोसा विणणारे, बोटांना डिंकासारखा वास.
अक्षरावर बोट ठेवून वाचत गेले
आणि सातव्या रकान्यापाशी थांबले.
याआधी मांजर होतं का? त्याचं काय झालं?
"होती एक. भावाचा ट्रॅक्टर.
मीच मागं घेऊन राह्यलो होतो.
लिहू का हे?"
लिहा, म्हटलं.

माझा सातवा रकाना कोणी विचारलेला नाही.
मी नऊ वर्षांचा. पालांदूरजवळ गाव.
बाबांनी पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं,
मला कॅरिअरवर बसवलं, पोतं मांडीवर.
चारही पिलं ऊबदार होती
आणि चुलबंदच्या पुलापर्यंत
त्यातलं एक झोपून गेलं होतं.
भाटी तीन दिवस घरोघर हिंडली.
चौथ्या दिवशी आईनं ते पोतं धुऊन
कुंपणावर वाळत घातलं,
तर ती त्याच्यावर जाऊन बसली.
ओल्याच पोत्यावर.

निमज्यांच्या घरी गेलो पाहायला.
विहिरीवर जुनी मच्छरदाणी ताणलेली.
फुलवंताबाई म्हणाल्या, चालते ना जी?
नाही चालत.
"मग सोमवारच्या बाजारातून जाळी आणतो."
मी मंगळवारी येतो, म्हटलं.
आलो. जाळी होती, चारी कोपऱ्यांना तार पिळलेली.
कनकी खोक्यातून निघाली ती थेट
मागाच्या खड्ड्यात, पायट्यांच्या खाली.
तीन तास बाहेर आली नाही.
आम्ही चहा प्यायलो, दोनदा.

फॉर्मची शेवटची ओळ छापलेली नाही,
ती मी दरवेळी हातानं लिहितो:
नाही जमलं तर माझ्याकडे परत आणा.
किती वाजता पण.

दहाव्या दिवशी फोन.
"कनकीनं धागा तोडला. बाणा सारा गुंतून गेला."
मी खुर्ची मागे सारली.
खोकं अजून टेबलाखालीच होतं.
परत आणता का?
"काहून? धागा सांधता येते."
पाठीमागे माग खटखटत होता.
मग म्हणाले, ते सोडा जी,
सुईची तारीख सांगा,
गुरुवार म्हटलं होतं का शुक्रवार?