उंबरठा

विष्णुपुरीच्या लॅबात रात्री साडेबाराला
ताईच्या मेंदूची रेघ पडद्यावर,
वसमतच्या मोंढ्यासारखी:
हजार तोंडं, हजार भाव,
कुणाचं कुणाशी जुळत नाही.
हेच निरोगी.

जोडणीचा आकडा मी वाढवतो, किंचितच.
०.४१ चा ०.४२.
सगळा मोंढा एकदम
एकच बोली पुकारू लागतो.

गावात याला फेपरं म्हणत, नाकाला वहाण लावत.
माई सगळ्यांना मागं सारायची,
तिला कुशीवर वळवायची, डोक्याखाली पदर,
आणि मोजायची.
शंभराच्या आत थांबायचं बहुधा.
तेव्हा तेवढाच डेटा होता.

समीकरण म्हणतं, उंबरठ्याच्या अलीकडे
नेमक्या क्षणी उलटा, हलका धक्का द्या,
लाट माघारी फिरेल.
फिरली. चाळीस वेळा फिरली.
एकेचाळिसाव्यांदा नाही.

सकाळी गंगासागरताईचा फोन:
"गोळी घेतली. हळद शिजायला घातलीय,
कढईपाशी तुहा भाचा हाय, मी लांब.
तुह्या त्या गणितात पडले का रे रात्री?"

एकदाच, म्हणालो.

"मंग धरायचं व्हतं की."