उजेड आणि गाठ

मे महिना. एसी फक्त सर्व्हरच्या खोलीत,
म्हणून डबे आम्ही तिथेच उघडतो.
बाहेर मेडिकल चौकात
डांबर चपलेला सोडत नाही.

नमुना एकशे सत्तावीस.
रक्त एकच, सॉफ्टवेअर तीन.
पहिलं म्हणतं, सोळाव्या गुणसूत्राच्या टोकाशी
एक प्रत कमी आहे.
दुसरं म्हणतं, छे, सगळं जागच्या जागी.
तिसरं रात्रभर राबलं
आणि पहाटे चारला मेमरी संपली म्हणून
मटकन खाली बसलं.

मेघदीप खोब्रागडे तक्ता भरतो:
कोणी किती धरलं, किती सुटलं,
कोणी नसलेलंच पकडून आणलं.
"दोघांचं जुळेल ते खरं मानू."
आणि दोघं एकाच जागी चुकत असतील तर?
तो लोणच्याची फोड माझ्याकडे सरकवतो.

गोळीबार चौकात मामाचा हातमाग होता.
उतरलेलं कापड तो खिडकीशी धरायचा:
उजेड जास्त, तिथे धागा कमी.
मामी डोळे मिटून बोट फिरवायची,
तुटल्या जागची गाठ शोधत.
कधी मामाला दिसायचं ते मामीला लागायचं नाही.
मग दोघं जेवेपर्यंत बोलायची नाहीत.

पहिलं सॉफ्टवेअर मामा आहे.
दुसरं मामी.
आणि या जागी तर दोन जुळे धागे शेजारी,
रंग तोच, पीळ तोच,
एक निघून गेला
तरी बोट दुसऱ्यावरून तसंच सरकत जातं.

केसपेपर काढला. मुलगी, वय नऊ, उमरेडकडची.
सिकल दोन्हीकडून.
तरी दोन वर्षांत एकदाच भरती,
रक्त एकदाही चढवलेलं नाही.
डॉक्टरांनी समासात प्रश्नचिन्ह काढलंय,
शाई दोनदा गिरवून.

जे कमी आहे
त्यानंच तिला सांभाळलं असेल का?
तक्त्यात या प्रश्नाला रकाना नाही.

मामा असली धोतरं घरीच ठेवायचा, नेसायचा.
"एक धागा गेला त काय झालं, पोरी,
हवा त लागते."

उद्या जुन्या रीतीनं जेल लावायचं,
पट्टी कुठे थांबते ते डोळ्यांनी बघायचं.
तोवर एकशे सत्तावीसपुढे
मी पेन्सिलनं लिहिते: मामा बरोबर, बहुतेक.
मेघदीप खोडतो, आणि लिहितो: तपासणी बाकी.

तिसरं पुन्हा सुरू केलंय.
पंखे गरगरताहेत.