काय हरवलं?

पहाटे साडेपाचला
त्सिआला माझ्या कुंपणापाशी गवतात पालथी पडलेली दिसली
तेव्हा मला आधी वाटलं, गेली.
मग तिची कोपरं हलली.

"काय हरवलं गं?" मी विचारलं.
तिनं मागे न बघता एक बोट वर केलं.
चाळीस वर्षं कुतायसीच्या दवाखान्यात
लोकांना जबडे उघडे ठेवून बसवलंय तिनं,
बोटाच्या इशाऱ्यानं माणूस गप्प करणं तिला जमतं.

मी कुंपण ओलांडलं, बसलो. गुडघे वाजले.
मीही शोधू लागलो:
कानातलं असेल,
कोठाराची किल्ली असेल,
नोदारच्या चष्म्याचा स्क्रू असेल,
तो गेल्यापासून ती त्याचाच चष्मा लावते, दोरा बांधून.
दव इतकं, की बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.

"कोळी आहे," ती ओठ न हलवता म्हणाली,
"गारठलाय. ऊन आलं की गेला."

हातात दवाखान्यातलाच जुना कॅमेरा.
ज्यानं दाढांतली कीड टिपायची
त्यानंच आता कीड टिपते.
फ्लॅशवर दह्याचा डबा कापून चढवलेला,
त्यावर अजून गाय आहे, मागची अर्धी.
उजेड मऊ पडतो म्हणे त्यातून.

श्वास रोखायचा.
केसभर पुढे सरकायचं.
खट्.
पुन्हा केसभर.
एका कोळ्याचे चाळीस फोटो,
एकात नुसती मिशी स्पष्ट, एकात नुसती पापणी
(कोळ्याला पापणी नसते, ती म्हणाली, बोलू नकोस),
मग घरी सगळे एकावर एक रचून
एक आख्खा कोळी.

माझ्या पायाला मुंग्या आल्या.
त्या काही तिला टिपता येईनात.

कामात माशी शिंकते म्हणतात.
तिथे माशी होती, पानाखाली, पंखांवर दव घेऊन, गप्प.
शिंकलो मी.
तिसावा फोटो.

कोळी वळला.
पळाला नाही. वळला, आणि बघितलं.
ज्वारीच्या दाण्याएवढा जीव, आणि असं बघणं,
जसं मुलीला मागणी घालायला गेलो तेव्हा
सासऱ्यानं बघितलं होतं.

तिनं तेवढ्यात दाबलं.
मग छोट्या पडद्यावर मला दाखवलं, मोठं करत, अजून मोठं:
समोर चार डोळे, काळे, ओले,
मधल्या दोघांत डब्याचा पांढरा चौकोन
आणि चौकोनाखाली दोन उंचवटे.
"ही मी," ती म्हणाली. "हा टोपीवाला तू."

मला टोपी दिसली नाही.
पण मी हो म्हणालो.

"काहीजण फ्रिजमध्ये ठेवतात त्यांना," ती कॅमेरा पुसत म्हणाली,
"बधिर झाले की हवे तसे बसवता येतात.
मी नाही ठेवत.
नोदारला ठेवलं होतं तसं, तीन दिवस,
मुलगा पोलंडहून येईपर्यंत."

ऊन कुंपणावर आलं.
कोळी होता तिथे गवताचं पातं हलत होतं.

माझा पंप मी रात्रीच भरून ठेवला होता.
आम्ही त्याला औषध म्हणतो.
तिनं पंपाकडे बघितलं, काही बोलली नाही.
मी काय बोलणार?
गेल्या साली अळीनं निम्मी वेल खाल्ली,
जमिनीत पुरलेला माठ अर्धा रिकामा राहिला
आणि धाकट्याच्या लग्नात दारू विकत आणावी लागली.
अजून लाज वाटते.

फवारलं.
पण एकेक पान उलटून.
कुठे कुणी बसलंय का,
कुणाचं जाळं आहे का, कुणी नुसतंच बघतंय का.
एका पानाखाली काही बारीक, पांढरं, कापसासारखं होतं,
अंडी की बुरशी, मला काय कळतं,
ते पान तेवढं सोडलं.

दुपार झाली तरी मी पाचव्याच वेलीपाशी.
लामारा गॅलरीतून ओरडली, जेवण निवतंय,
एवढं काय हरवलंय तुमचं?

मी न वळता
एक बोट वर केलं.