कीपर पुढं जात नसतो

रोझलीननं एक्स-रेचं पाकीट उलटं केलं,
मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं :
मिरज ते मुंबई, रात्रीची गाडी, स्लीपर, चौघी.
मग पेन तसंच धरून बसली.
मुंबईच्या पुढचं
आमच्यापैकी कुणालाच अजून खरं वाटत नव्हतं.

ब्राझील, त्रिशला म्हणाली. लिही की.
बायकांचा वर्ल्ड कप, सत्तावीस साल, जून.
ब ला र लावायचा की सुटा?
कसा बी लाव, विमानाला कळतंय.

मुमताजनं भडंग आणलेलं,
त्रिशलानं भिशीची वही.
महिन्याला दोन-दोन हजार, पाच वर्षं.
एकदा मुमताजच्या बोअरला उचलले,
एकदा माझ्या लेकीच्या फीला,
दोन्ही वेळा परत भरले, तारखेसकट वहीत आहे.
बेरीज चार लाख ऐंशी हजार.
तीनदा केली,
हट्टी पोरासारखी जागची हलेना.
एवढ्यात जाऊन येतील दोघी.
ओढूनताणून तिघी.

नवऱ्यानं विचारलेलं, आपला देश नसला तिथं
तर कुणाची मॅच बघायला चाललाय?
मी म्हटलं, लेफ्ट विंगची.
कुठल्या देशाची?
कुठल्याही. जी सात नंबर घालेल तिची.

पासपोर्टला कोल्हापूरला गेलो,
रुकडी मागं पडेपर्यंत फायली मांडीवर.
खिडकीतल्या पोरानं माझे कागद दोनदा चाळले.
बोर्डाच्या दाखल्यावर कांचन पोपट वायदंडे,
आधारवर मृणाल अजित खाडे.
यातल्या तुम्ही कोण, मॅडम?
अगदी नीट विचारलं त्यानं,
पण पंचवीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव
कुठल्या गॅझेटात सापडतं, बाळा?
प्रतिज्ञापत्र आणा म्हणाला. आणलं.
मैदानात माझ्या पाठीवर नाव नव्हतंच कधी,
ऑइलपेंटनं काढलेला सात होता,
धुतला की तडकायचा.

तिघी, असं रोझलीननं लिहिलं नाही.
पण पेनाचं टोक 'चौघी'वर जाऊन टेकलं
ते मुमताजनं पाहिलं.
भडंगातला शेंगदाणा शोधत म्हणाली,
मी राहतो. तुम्ही जावा.
मी कीपर. कीपर पुढं जात नसतो.

जंक्शनवर मालगाडीचं शंटिंग चाललेलं,
डब्यावर डबा आदळत दूरपर्यंत गेला.
मग त्रिशला, जी देवळातसुद्धा
कुजबुजल्यागत आरती म्हणते, ओरडली :
इस्लामपूरविरुद्ध शेवटच्या मिनिटाला
अख्खा गोल उघडा टाकून
कॉर्नरला कोण पळत आलतं गं?
तेव्हा कुणाला विचारलंतंस?

हेडर बाहेर गेलता, मुमताज म्हणाली.

गेलता. पण आलतीस.

आता पाकिटावर नवी यादी आहे :
रोझलीनचा पीएफ, पुढं प्रश्नचिन्ह.
त्रिशलाच्या बांगड्या. खोडलंय. परत लिहिलंय.
मुंबईत चुलत नणंद, एक रात्र, फार तर दोन.
भडंग पाच किलो, कस्टमला चालतंय का बघणे.
आणि अगदी खाली, मुमताजच्या अक्षरात,
नाहीच जमलं तर पहाटे अडीचला माझ्या घरी.
पाणी साडेपाचला येतंय.

निघताना पाकीट सुलटं केलं.
कांचन पोपट वायदंडे, वय अठरा, डावा गुडघा.
जुन्या कपाटाची रद्दी निघाली तेव्हा
रोझलीननं वाचवून ठेवलेला.
फिल्म काढून ट्यूबलाइटसमोर धरली.
पांढऱ्या हाडावर
पेनाच्या दाबानं उमटलेली बारीक ओळ.
मिरज ते मुंबई, एवढं वाचता येत होतं.
पुढचं सगळं हाडाच्या बाहेर, काळ्यात.